थंडीपुरतं गवत

आबा गेले त्याला आता पावसाळा उलटत आला. दहावं-तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि मी दौंडला परतून शाळेच्या ग्रंथालयात पुन्हा पुस्तकं लावायला लागले. भेटायला येणाऱ्या बायका म्हणतात, "रडून घ्या, मोकळं वाटेल." रडू येत नाही असं नाही. येतं. पण ते नीट यायच्या आधी आमच्या निमोण्याच्या घरापुढचा एक गवताचा तुकडा आठवतो आणि रडू तिथंच थांबतं. वडिलांसाठी रडायचं की त्यांच्यावर रागवायचं, हे माझं अजून ठरलेलं नाही. म्हणून लिहायला घेतलं आहे. एका बैठकीत हे होणार नाही, ते मला माहीत आहे.

आमचं घर गावठाणात नाही. रस्त्याला लागून, शेतातच आहे. आजोबांच्या वेळेपर्यंत आमच्याकडे मेंढरं होती. दिवाळी झाली की माणसं मेंढरं घेऊन कोकणात उतरायची आणि पावसाच्या तोंडाला परत वर यायची. आईनंही लग्नानंतरची काही वर्षं अशीच काढली. घोड्यावर संसार, पाठीशी बांधलेला दादा. पुढं कालव्याचं पाणी आलं, मेंढरं विकली गेली, माळाच्या जमिनीत ऊस उभा राहिला. माझा जन्म त्यानंतरचा. मी आमची माणसं चालताना पाहिलीच नाहीत, घर करून बसलेलीच पाहिली.

विहिरीवरून उसाला पाणी नेणारा पाट घरासमोरून जायचा. पाटाच्या कडेला धुण्याचा दगड होता, आणि दगडावरचं पाणी वाहून जिथं मुरायचं तिथं आईनं हरळी राखली होती. अंगणाच्या पुढं, रस्त्यापर्यंत, दोन-अडीच गुंठ्यांचा तुकडा असेल. शेतकऱ्याच्या घरासमोर कुणी हरळी राखत नाही. शेतकरी ती खणून, वेचून, बांधावर वाळवून जाळतो, तरी ती पुन्हा उगवते. पण आईच्या लेखी हरळी म्हणजे मेंढराच्या पोटाला मानवणारं गवत. मेंढरं गेली तरी शेळ्या होत्या, करडं होती. करडं त्या गवतावर सोडून आई दुपारी तिथं बसायची. कुणी चपला घालून आलं तर लांबूनच ओरडायची, "काढ आधी त्या!" माझ्या शाळेची बरीच पुस्तकं मी त्या गवतावर पालथी पडून वाचली आहेत. कोपरांवर हरळीच्या काड्यांचे वळ उठायचे.

आई माघात गेली, नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा. माझं लग्न होऊन मी दौंडला आले त्यालाही काही वर्षं झाली होती. नवरा रेल्वेत, मी शाळेत ग्रंथपाल. आईच्या पाठोपाठ तो उन्हाळा आला. घरात नळ आला होता, वहिनी धुणं मागच्या दारी धुवायची, त्यामुळे पुढच्या दगडावर पाणी पडेना. सुटीत गेले तेव्हा तिथं नुसती भेगाळलेली माती होती आणि तिच्यावर दादानं ट्रॅक्टरची ट्रॉली उभी केली होती.

मी जेवताना तो विषय काढला. म्हटलं, मला बाकी काही नको, पण आईची ती जागा मोडू नका. तिथं पुन्हा गवत लावू. नीट लावू, लॉनसारखं. कुणी आलं-गेलं तर तिथं बसेल.

दादाला हसू आलं. "लॉन? आपल्यात? वर खुर्च्या मांडून कारखान्याच्या सायबाला बोलवू व्हय?"

आबा हसले नाहीत. भाकरीचा तुकडा ताटात ठेवून म्हणाले, "न्हाई मोडायची. तिची जागा हाय ती. तू म्हनशील तसं करू."

हे वाक्य मी आजवर किती वेळा मनात म्हटलं असेल, सांगता येणार नाही.

आता गवत कधी लावायचं, हा प्रश्न माझ्याकडे आला. घरात शिकलेली मीच. मी माझ्या सवयीप्रमाणे पुस्तकांकडे गेले. आमच्या ग्रंथालयात बागकामाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, कुणा निवृत्त अधिकाऱ्याच्या घरून भेट आलेलं. त्यात हिरवळीवर एक अख्खं प्रकरण होतं. जमीन कशी भुसभुशीत करावी, बी कसं आडवं-उभं फेकावं, पहिली कापणी कधी. बी पेरायची उत्तम वेळ म्हणून उन्हाळा सरल्यानंतरचे, थंडी पडण्यापूर्वीचे दिवस दिले होते. ते पुस्तक बर्फाच्या मुलखात लिहिलेलं आहे आणि तिकडचा उन्हाळा आपल्याकडच्या पौष-माघाइतकाच थंड असतो, हे तेव्हा मी फारसं मनावर घेतलं नाही. आणि खरं सांगायचं तर पुस्तकाची गरजही नव्हती. हरळीच्या मुळ्या आषाढात चिखलात खोचल्या की लागतात, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. मीही तेच ठरवलं होतं. शेजारचे आप्पा म्हणाले, "काय गं, एवढी शिकलीस आन् हरळी लावायला निघालीस? माझा बा तिला खनता खनता म्हातारा झाला. माझ्या रानात ये, पायजे तेवढी न्हे, वर जेवायला घालतो!"

ज्येष्ठात मी गेले तर आबा म्हणाले, "जरा पाऊस लागू दे. कोरड्यात खोचली तर जळून जाईल." पटलं मला. आषाढात गेले तर उसाची बांधणी चालली होती, माणूस मोकळा नव्हता. दादा म्हणाला, "पंचमीला येशीलच की. तवा लावू." नागपंचमीला माहेरी गेले, हातात खुरपं घेतलं, तर आबांनीच अडवलं. "आज जिमीन उकरत्यात का?" आमच्याकडं त्या दिवशी नांगर धरत नाहीत, खणत नाहीत, चुलीवर तवासुद्धा ठेवत नाहीत. मीच ओशाळले. दुसऱ्या दिवशी शाळा होती म्हणून परत आले. भाद्रपदात विचारलं तर पितृपंधरवडा लागला होता, आणि त्यात नवं काही लावायचं नाही. प्रत्येक वेळचं कारण खरं होतं. एकही कारण खोटं नव्हतं, म्हणून तर मला शंका आली नाही. पाऊस मात्र संपला.

दिवाळीत भाऊबीजेला गेले तेव्हा मी मनातून हरले होते. हरळी आता लागायची नाही, थंडीत ती स्वतःच सुकत जाते. ओवाळून झालं, दादानं ताटात ओवाळणी टाकली, आणि मग माझ्यासमोर एक छोटं पोतं आणून ठेवलं.

"हे घे. तुझी खरी भाऊबीज."

पोत्यात बारीक, फिकट, लांबट बी होतं. दादा तेव्हा रांजणगावच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरला होता. तो सांगायला लागला, "आमच्या कंपनीपुढं लॉन हाय ना, ती थंडीत पिवळी पडती. आन् बाहेरच्या देशाचे मालक नेमके थंडीत येत्यात. मग कॉन्ट्रॅक्टर हे बी टाकतो. आठवड्यात हिरवंगार! पाव्हने येत्यात, फोटो काढत्यात, जात्यात. त्यांना काय कळतंय खाली काय हाय ते!"

आम्ही सगळे हसलो. मी जास्तच हसले असेन.

"पण टिकेल ना रे?"

"कंपनीत बारा म्हैने हिरवं हाय की."

मला पुस्तक आठवलं. पाऊस सरल्यावर, थंडीच्या आधी. अगदी बरोबर वेळ होती. मी ते सांगितलं तर दादानं टाळी दिली. "बघ, तुझ्या पुस्तकातबी हेच लिवलंय. मग तर झालं!" आबा उंबऱ्यात बसून सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

त्या दिवशीचं काम मला ती सगळी थंडी आनंदानं आठवायचं, आता आठवत नाही असं म्हणणं खोटं होईल. आबांनी स्वतः कुदळीनं जमीन मोकळी केली. दादानं ढेकळं फोडली. मी आणि वहिनीनं बी राखेत मिसळून फेकलं, एकदा उभं, एकदा आडवं, पुस्तकात होतं तसं. वरून चाळलेलं लेंडीखत पसरलं, फळी ठेवून तिच्यावर उभं राहून माती दाबली. चिमण्या टपलेल्याच होत्या, म्हणून ओली बारदानं अंथरली. वहिनी म्हणाली, "वन्सं, लेकराला झोपवल्यागत करताय!" संध्याकाळची एसटी गाठायची म्हणून मी हात धुतले तेव्हा नखांत माती तशीच होती. चौफुल्याला गाडी बदलेपर्यंत मी ती काढली नाही.

मार्गशीर्षात गेले. रस्त्यावरूनच दिसलं. बाजूचा ऊस, पलीकडचा राखाडी माळ, आणि मध्ये तो कोवळा, जवळजवळ पोपटी तुकडा. मी पिशवी हातात घेऊनच त्याच्यावर गेले. चपला काढायला विसरले नाही.

आबा बाहेर आले. त्यांना एक सवय होती. कुठल्याही नव्या रानात मेंढरं घालायच्या आधी ते वाकून चार काड्या उपटत, दाढेखाली धरत, सावकाश चावत, आणि चोथा थुंकून मग सांगत, घाला किंवा नका घालू. मेंढरं जाऊन जमाना झाला, पण सवय राहिली होती. लग्नाला गेले तरी मांडवामागचं गवत चावून पाहायचे. मी म्हटलं, "आबा, बघा की चावून."

ते वाकले. काड्या उपटल्या. बराच वेळ चावत राहिले.

"गोड हाय का?"

"हाय," ते म्हणाले.

"टिकंल ना, आबा?"

"ही शेळी सुटली वाटतं," असं म्हणून ते गोठ्याकडं गेले.

मी ती थंडी त्या गवतावर जगले. फोन तेव्हा आप्पांच्या घरी होता. मी दौंडच्या बूथवरून फोन करून वहिनीला बोलावून घ्यायचे आणि सांगायचे, पाणी सकाळी घाला, दुपारी घालू नका, बोटभर वाढलं की विळ्यानं वरची टोकं फक्त उडवा, मुळाशी जाऊ नका. वहिनी म्हणायची, "त्यापेक्षा शेळ्याच सोडते, त्यांना सांगते वरचं वरचं खा म्हणून." आणि तरी ती पाणी घालायची. ते मी विसरलेले नाही.

माघात वर्षश्राद्ध झालं. पाहुणे आले, पंगत उठल्यावर सगळे त्या गवतावर बसले. धाकटे मामा, जे कधी कुणाला चांगलं म्हणत नाहीत, ते गवतावर हात फिरवून म्हणाले, "पोरीनं आईची जागा राखली." मावशी रडली. मीही रडले, पण ते रडणं चांगलं होतं. आबा मात्र आमच्यात आले नाहीत. दाराशी बाजेवर बसून राहिले. मी त्यांना दोनदा बोलावलं. त्यांनी हातानंच राहू दे अशी खूण केली. दुःखानं येत नसतील असं मला वाटलं. त्या दिवशी पंगतीला पांढऱ्या कपड्यांतले एक गृहस्थही होते, दौंड तालुक्यातल्या राहूकडचे. दादाच्या ओळखीचे एवढंच कळलं. जेवण झाल्यावर ते रस्त्याच्या कडेनं फिरत होते, विहिरीत डोकावत होते. मला त्यांचा चेहरा आठवत नाही. चालणं आठवतं, लांब लांब ढांगा टाकत होते. जागा मोजत होते, हे मला नंतर कळलं.

शिमग्याला मी एरवी माहेरी जात नसे. त्या वर्षी शाळेला लागून सुटी आली, आणि खरं तर गवत पाहायचं होतं म्हणून गेले. ऊन तापायला लागलं होतं. एसटीतून उतरले आणि मला वाटलं, मी चुकीच्या फाट्यावर उतरले. पोपटी तुकड्याच्या जागी वाळक्या केसांसारखं काहीतरी पसरलं होतं, पायाखाली चुरचुर वाजत होतं. कुठंकुठं ते उपटून फेकलेलं होतं. मधोमध मोठा चौकोनी खड्डा. चार माणसं तो खणत होती. त्यांतला एक मला म्हणाला, "दीदी, उधर से जाइए, इधर गड्ढा है."

मी विचारलं, कसला खड्डा?

"गुड़ की भट्ठी," तो म्हणाला.

वहिनी मागच्या दारी पापड वाळत घालत होती. मला पाहून तिला आनंदच झाला. तिला वाटलं, मला सगळं माहीत आहे. "या, वन्सं. बघितलं का? गुऱ्हाळवाल्यांनी कामाला सुरुवातबी केली. चुलाण झालं की रस आटवायची काहिली येतीय. रस्त्याकडंची जागा आन् विहीर जवळ, त्यांना हीच पायजे हुती. आषाढातच बोलणं झालं हुतं. पण मामंजी म्हणाले, तिचं वर्षश्राद्ध होऊन जाऊ द्या, तवर पोरीला हिरवं दिसू द्या. म्हणून तर ह्यांनी ते कंपनीतलं बी आणलं. थंडी सरली की आपोआप जातंय, उपटायचाबी त्रास न्हाई." आणि मग माझ्या तोंडाकडं पाहून तिचा हात पापडावर तसाच राहिला.

आषाढात. म्हणजे पंचमीला माझ्या हातातलं खुरपं आबांनी काढून घेतलं तेव्हा बोलणी झालेली होती. पितृपंधरवड्यात झालेली होती. भाऊबीजेला झालेली होती. मी बी आडवं-उभं फेकत होते, फळीवर उभी राहून माती दाबत होते, तेव्हा घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की हे होळीपर्यंतचं आहे.

आबा पडवीत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. उभ्यानं बोलायचं मला जमलं नसतं.

"आबा, तुम्ही ते गवत चावून बघितलं होतं."

"व्हय."

"तवाच कळलं होतं?"

"चावायची काय गरज? बी बघितलं तवाच कळलं. ते उनाला ऱ्हात न्हाई."

"मग मला बोलला का न्हाई?"

"तू इचारलंस, गोड हाय का. गोड हुतं."

"टिकंल का, हेबी इचारलं होतं."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. "त्याला म्या उत्तर दिलं न्हाई," ते म्हणाले. जणू तेवढं त्यांनी माझ्यासाठी सांभाळलं होतं.

दादा मागून आला. त्याला वहिनीनं सांगितलं असावं. तो भांडायच्या तयारीत होता. "आता काय कोर्टात उभं करती का बापाला? अगं, जागा आपलीच हाय. दर म्हैन्याला घरात काहीतरी येईल. तिथं काय गवत चाटत बसायचं?"

"मला सांगायचं होतं, दादा. मी आडवी पडले असते का?"

"पडली असतीस."

"रडले असते फार तर."

"तेच," तो म्हणाला. "तू रडतीस, आन् ह्यांना ते बघवत न्हाई. मग आम्ही काय करावं?"

मी त्याच दिवशी परत निघाले. एसटीत बसल्यावर भाऊबीजेचं ते हसणं आठवलं. बाहेरच्या देशाचे मालक येतात, फोटो काढतात, जातात, त्यांना काय कळतंय. मी त्या पाहुण्यांना हसले होते. दादा माझ्यासमोर बसून माझीच गोष्ट सांगत होता आणि मी त्याच्या टाळीला हात दिला होता. माझं माहेर मला हिरवं करून दाखवलं होतं, मी येऊन बघून जाईपर्यंत. पारगावच्या पुलावर गाडी थांबून राहिली होती, खाली भीमेच्या पात्रात पाणी फार नव्हतं. शेजारच्या बाईनं विचारलं, "मयत झालीय का कुणाची?" मी हो म्हटलं. खोटं नव्हतं ते, फक्त वर्ष जुनं होतं.

जागा गेली याचं मला दुःख झालं, पण खरं सांगते, ते फार दिवस राहिलं नाही. जमिनीचं असंच होतं. आज गवत, उद्या चुलाण. आबांनी मला बोलावून सांगितलं असतं की बाई, ही जागा द्यावी लागतीय, तर मी चार दिवस रडून गप्प बसले असते. आईच्या मागे आम्ही तिघं उरलो होतो. त्या तिघांत दोघं एकीकडे आणि मी एकीकडे, हे मला खड्डा खणणाऱ्या परक्या माणसाकडून कळायला नको होतं.

पुढं मी निमोण्याला लग्नकार्यापुरती जाऊ लागले. मुक्काम करत नसे. गुऱ्हाळ चांगलं चाललं. घरासमोर चिपाडं वाळत घातलेली असायची, सगळीकडं काकवीचा वास. संक्रांतीच्या सुमाराला आबा दौंडला येणाऱ्या कुणाबरोबर तरी गुळाची ढेप पाठवायचे. मी ती फोडून शेजारीपाजारी वाटून टाकायचे. नवरा म्हणायचा, "गुळानं काय केलंय?" मी म्हणायचे, "काही नाही. गोड आहे." त्याला ते कळायचं.

आबा आणि मी भांडलो नाही कधी. ते दौंडला आले की स्टेशनाजवळच्या हॉटेलात मला चहा पाजायचे, माझ्या नोकरीची चौकशी करायचे. "बरं हाय का?" "बरं आहे." मी त्यांना खरं सांगणं सोडून दिलं होतं. नवऱ्याची बदली अडली, मला डोकेदुखीचा आजार जडला, यातलं काही त्यांना कधी कळू दिलं नाही. मनात म्हणायचे, तुम्हाला बघवत नाही ना, मग राहू द्या.

यंदा उन्हाळ्यात त्यांच्या पोटाचं दुखणं वाढलं. दौंडला दवाखाना जवळ, म्हणून दादानं त्यांना माझ्याकडं आणून सोडलं. इतक्या वर्षांनी आम्ही दोघं एका घरात राहत होतो. मी त्यांना पेज भरवायची, पाठ पुसायची. वर्तमानपत्र वाचून दाखवायची, त्यातलं बाजारभावाचं पान त्यांना आधी लागायचं. रोज सकाळी विचारायची, "आबा, कसं वाटतंय?"

"बरं हाय," ते म्हणायचे. "कालच्यापरीस बरं हाय."

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की फार आशा धरू नका. पण आबांचा आवाज स्वच्छ होता, चेहरा शांत होता, आणि मी, जिनं त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचं सोडलं होतं, ती रोज सकाळी पुन्हा ठेवत होते. माणसाला वडिलांच्या तोंडून बरं आहे हे ऐकायचं असतं, दुसरं काय? शाळा सुरू व्हायच्या आधी ग्रंथालयाची पुस्तकमोजणी असते. मी दोन दिवस गेले नव्हते. तिसऱ्या दिवशी आबाच म्हणाले, "जा तू. माझं काय, मी चांगला हाय. तुझ्या पुस्तकांना वाळवी लागंल." थट्टासुद्धा केली त्यांनी. मी गेले. दुपारी शिपाई बोलवायला आला तेव्हा माझ्या हातात कपाटातल्या खालच्या कप्प्याची पुस्तकं होती. घरी पोचले तोवर सगळं झालं होतं. शेजारीण त्यांच्या उशाशी बसली होती, मी नव्हते.

तेराव्यानंतर मी निमोण्याहून निघाले. दादा मला सोडायला फाट्यावर आला. त्याचे केस उतरवलेले होते, त्यामुळे तो लहान आणि म्हातारा एकदमच दिसत होता. एसटीला वेळ होता. आभाळ भरून आलं होतं पण पाऊस नव्हता. आम्ही दोघं बाभळीखाली उभे राहिलो. तो दर रविवारी आबांना बघायला दौंडला यायचा, मी चहा करायला आत गेले की दोघं हळू आवाजात बोलायचे. मला ते तेव्हाही ऐकू यायचं, शब्द कळायचे नाहीत.

मी विचारलं, "दादा, आबा तुला सांगायचे का?"

"काय?"

"दुखतंय म्हणून."

त्यानं रस्त्याकडं पाहिलं. गाडी येताना दिसली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"सांगायचे," तो म्हणाला. "लई दुखायचं त्यांना. रातभर डोळ्याला डोळा लागत न्हाई म्हनायचे. म्हनले, आता फार दिस न्हाईत, पर तिला सांगू नगं."

"आणि तू नाही सांगितलंस."

"त्यांनी सांगू नगं म्हन्लं होतं."

 आपल्या वडिलांना माझ्या घरात, माझ्या भिंतीपलीकडे, रात्ररात्र झोप नव्हती, आणि मी सकाळी उठून त्यांना बाजारभाव वाचून दाखवत होते. मला कळलं असतं तर मी त्या दिवशी पुस्तकं मोजायला गेले नसते. एवढंच. दुसरं काही मी केलं नसतं, त्यांचं दुखणं कमी केलं नसतं. तिथं असले असते.

वळणावर एसटी दिसली. दादानं माझी पिशवी उचलली.

"दादा, यापुढं मला सांगत जा. काहीही असू दे, वाईट असलं तरी."

यापुढं म्हणजे कशाबद्दल, ते त्यानं विचारलं नाही. मलाही ते सांगता आलं नसतं. कंडक्टरनं दार उघडलं. मी वर चढल्यावर दादानं पिशवी माझ्या हातात दिली आणि माझ्या डोळ्यांत पाहून, अगदी आबांसारखं, शांतपणे म्हणाला, "व्हय."